शिक्षकांचे ज्ञान ग्रुपमध्येच का अडकून राहावे?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमध्ये 31 वर्षे विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले. आपल्या दैनिकात शाळांच्या बातम्या, संमेलनांची वृत्ते आणि निकालाचे आकडे नियमाने येतात. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत शिक्षकाच्या दिवसाची घडीच ज्यांनी बदलून टाकली, त्या समाजमाध्यमांविषयी शिक्षकी पेशातील कोणी सविस्तर लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या जूनमध्ये शेजारची एक मुलगी, नुकतीच दहावीत गेलेली, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात आईचा फोन घेऊन संध्याकाळी आमच्या पडवीत आली. ‘बाई, आमच्या पुस्तकातला धडाच गावंना ह्यात,’ असे ती म्हणाली. मी वही पाहिली. निळ्या शाईत दोन पाने भरून न्यूटनचा वैश्विक गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उतरवलेला होता, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनाने रेघा ओढल्या होत्या आणि सूत्राभोवती चौकट आखली होती. तिने यूट्यूबवर ‘दहावी विज्ञान पहिला धडा मराठी’ असे लिहून शोधले होते आणि महाराष्ट्रातील एका शिक्षकांचा अतिशय सुबोध असा व्हिडिओ मन लावून पाहिला होता. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचाच आहे. आपल्याकडील, म्हणजे कर्नाटकाची, विज्ञानाची पुस्तके केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेच्या पुस्तकांवर आधारलेली असल्याने गुरुत्वाकर्षण नववीतच होऊन जाते आणि दहावीची सुरुवात रासायनिक अभिक्रिया व समीकरणे यांनी होते. त्या मुलीची संध्याकाळ तर वाया गेलीच, शिवाय आपलेच काहीतरी चुकते आहे असे तिला वाटत राहिले, याचे मला जास्त वाईट वाटले.

सीमाभागातील मराठी माध्यमाच्या मुलांची ही अडचण बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. त्यांची भाषा मराठी आणि अभ्यासक्रम कर्नाटकाचा. बालभारतीच्या पुस्तकांवर तयार झालेले साहित्य त्यांना समजते, पण ते परीक्षेला लागू पडेलच असे नाही. कर्नाटकाच्या अभ्यासक्रमावर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत पुष्कळ साहित्य आहे आणि ते परीक्षेला तंतोतंत लागू पडते, पण ज्याने सगळ्या संज्ञा मराठीतून शिकल्या त्याला ते ऐन वेळी उपयोगी पडत नाही. ही मधली जागा भरून काढणे पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना शक्य नाही आणि बंगळूरच्याही नाही. ते काम बेळगाव आणि चिकोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांतील, आणि काही प्रमाणात बिदर-कारवारकडील, मराठी शिकवणारी मंडळीच करू शकतात.

ही मंडळी हात बांधून बसलेली आहेत असे मुळीच नाही. मी आजही शिक्षकांच्या सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. त्यांपैकी एकावर चिकोडीकडील एका सरांनी दीड वर्षापूर्वी रासायनिक समीकरणे संतुलित कशी करावीत यावर स्वतःच्या हाताने लिहिलेली नऊ पाने टाकली होती. मॅग्नेशियमची फीत जळल्यावर पांढरी पूड का उरते, तिचे वजन मूळ फितीपेक्षा जास्त का भरते, ते जास्तीचे वजन कुठून आले आणि त्यावरून बाणाच्या दोन्ही बाजूंचे अणू का मोजायचे, हे त्यांनी इतक्या सोप्या पायऱ्यांनी मांडले होते की तोच धडा तीन दशके शिकवूनही मला ती मांडणी कधी सुचली नव्हती. त्या पानांच्या मागोमाग दोन वाढदिवसांच्या शुभेच्छा, एका निरोप समारंभाचे फोटो, मुलांची माहिती तातडीने भरून देण्याची सूचना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीस-चाळीस सुप्रभात संदेश येऊन पडले. ती मुलगी आली त्या संध्याकाळी मी मागे मागे जाऊन ती पाने शोधली, तेव्हा फाइल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवण्यास सांगा, असे फोनने कळवले. सरांचा नंबर माझ्याकडे होता म्हणून मी ती मागवून घेऊ शकले. त्या मुलीला मात्र अशी पाने अस्तित्वात आहेत हे कळण्याचाही मार्ग नव्हता.

माझे म्हणणे एवढेच आहे की शिक्षकाने आणि प्राध्यापकाने आपल्या विषयाचे जे काही समाजमाध्यमांवर लिहायचे ते उघड्यावर, शोधल्यास सापडेल अशा जागी, वाचता येईल अशा मराठीत आणि स्वतःच्या नावाने लिहावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 माणसे मावतात हे खरे, पण त्या 1024 जणांच्या पलीकडच्या एकालाही आत काय आहे ते दिसत नाही आणि आतल्यांनाही वर्षभराने सापडत नाही. फोन बदलला, बिघडला किंवा त्यातील जागा संपली की मागचे सारे जाते. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा आपल्या भागातील शिक्षकांनी रात्र रात्र जागून धड्यांचे आवाज टेप केले, फळ्यावर लिहून व्हिडिओ काढले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने ‘विद्यागम’ योजना सुरू केली तेव्हा हेच शिक्षक देवळांत आणि समाजमंदिरांत जाऊन मुलांना शिकवत होते, आणि ऑक्टोबरमध्ये ती योजना थांबल्यावर पुन्हा फोनकडे वळले. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आणि भीमगडच्या जंगलातील गावांत रेंज नसल्याने ते धडे पेन ड्राइव्हवरून पोहोचवणारे सहकारी मी पाहिलेले आहेत. त्या साहित्याचा दहावा हिस्सासुद्धा आज कोणाला दाखवता येणार नाही.

आणखी एक तांत्रिक गोष्ट आहे आणि तिच्याकडे आपले फार दुर्लक्ष झालेले आहे. आपण जे लिहितो ते बहुधा हस्ताक्षराच्या फोटोच्या किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकून घेतलेल्या पीडीएफच्या रूपात असते. जुन्या फॉन्टमधील मजकूर आपल्या डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत संगणकाने साठवलेली अक्षरे रोमन असतात, त्यामुळे गुगलवर कितीही शोधले तरी तो मजकूर वर येत नाही. कन्नडच्या जुन्या फॉन्टमधील लिखाणाचीही हीच कथा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना आणि फोनना ओळखता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, देवनागरीची सोय 1991 पासून आहे, मराठी विकिपीडिया 1 मे 2003 पासून चालू आहे आणि आता तर फोनसमोर बोलले तरी मराठी मजकूर उमटतो. त्या सरांची नऊ पाने युनिकोडमध्ये, धड्याचे नाव आणि इयत्ता वर घालून, कुठल्याही उघड्या पानावर असती, तर ती मुलगी पाच मिनिटांत तिथवर पोहोचली असती.

हे असे का झाले याचा विचार करताना शिक्षकांना बोल लावणे मला योग्य वाटत नाही. शाळेत समाजमाध्यम आले ते वरून आदेश देण्याचे आणि खालून पुरावा मागवण्याचे साधन म्हणून आले. सीआरपींच्या (शाळासमूहाच्या साधन व्यक्तींच्या) ग्रुपवर सूचना येते, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाच्या ग्रुपवर तिची आठवण येते, मग मुलांनी अंडी-केळी खाल्ल्याचा फोटो, दूध प्याल्याचा फोटो, झाड लावल्याचा फोटो, प्रतिज्ञा घेतल्याचा फोटो अशी मालिका सुरू होते. रात्री साडेदहाला आलेल्या सूचनेचे उत्तर सकाळच्या प्रार्थनेआधी द्यावे लागते. ज्या फोनवरून दिवसभर हेच चालते, तो फोन संध्याकाळी पुन्हा हातात घेऊन ‘आज प्रकाशाचे परावर्तन असे शिकवले’ हे लिहिण्याचे त्राण किती जणांत उरेल? कामाचा कार्यालयीन ग्रुप शाळेच्या वेळेपुरता ठेवावा आणि छायाचित्रांची मागणी खरोखर आवश्यक तेथेच व्हावी, अशी विनंती मी अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकाद्वारे करते.

छायाचित्रांचा विषय निघाला आहे तर एक अनुभव सांगणे भाग आहे. माझ्या नात्यातील एका मुलीच्या शाळेत घटक चाचणीनंतर सगळ्या वर्गाच्या गुणांचा तक्ता पालकांच्या ग्रुपवर टाकण्यात आला. गणितात तिला 25 पैकी 4 गुण होते आणि तिच्या नावापुढे लाल खूण होती. तो तक्ता संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरात पोहोचला, कारण पालकांच्या ग्रुपमधून तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर गेला होता. मुलगी चार दिवस शाळेत गेली नाही आणि पाचव्या दिवशी गेली ती मागच्या बाकावर जाऊन बसली. ज्या बाईंनी तो तक्ता टाकला त्यांचा हेतू वाईट नव्हता, पालकांनी लक्ष घालावे एवढेच त्यांच्या मनात होते. पूर्वी असा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागत असे आणि भिंतीपाशी येणाऱ्यालाच तो दिसत असे, पण फोनला भिंत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची संमती घेण्याचे तत्त्व मान्य केले आहे. शिक्षणसंस्थांना त्यातून कोणत्या सवलती मिळतात हा वकिलांचा विषय आहे. मला एवढे कळते की मुलाचे गुण, त्याचा चेहरा, त्याची जात, त्याच्या घरची अडचण या गोष्टी शिक्षकाला विश्वासाने कळलेल्या असतात आणि त्या समाजमाध्यमांवर नेण्याचा अधिकार त्याला नाही. विषय खुशाल उघड्यावर मांडावा, मूल मांडू नये.

आता महाविद्यालये आणि विद्यापीठांविषयी. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये बेळगावला आले, त्याआधी 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ येथे स्थापन झाले होते. बेळगाव हे आता प्राध्यापकांचे गाव झाले आहे असे म्हटले तरी चालेल. त्यांच्यापैकी अनेकांची पाने मी फेसबुकवर आणि लिंक्डइनवर वाचते. शोधनिबंध प्रसिद्ध झाला की त्याची लिंक येते, परिषदेत प्रमाणपत्र स्वीकारतानाचे छायाचित्र येते, अभिनंदनाचे शंभर संदेश येतात. निबंधात काय सापडले, ते कसे सापडले, त्याचा येथील शेताशी, पाण्याशी, बोलीशी काय संबंध आहे, याच्या दोन ओळीही बहुतेक वेळा नसतात. नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी निबंधांची मोजदाद होते, त्यामुळे त्यांचा ओढा तिकडे असणार हे मी समजू शकते. परंतु आपल्या घामाच्या करातून ज्यांचे संशोधन चालते त्यांनी ते निदान एकदा आपल्या भाषेत समजावून सांगावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांपासून प्रबंधांची डिजिटल प्रत जमा करणे आवश्यक झाले आणि ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आज हजारो प्रबंध कोणालाही विनामूल्य वाचता येतात. केंद्र सरकारने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेला मान्यता देऊन तीन वर्षांसाठी सुमारे 6000 कोटी रुपयांची तरतूद केली, त्यामुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना जगातील सुमारे 13000 नियतकालिके वाचण्याचा मार्ग खुला झाला. म्हणजे विद्वानांनी वाचावे यासाठी देश खर्च करतो आहे. त्यांनी वाचलेले गावापर्यंत पोहोचवण्याला पैसे लागत नाहीत, दोन तास लागतात.

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी येथे साहित्य संमेलने भरतात. मंडपात बायाबापड्या, शेतकरी, शाळकरी मुले तास तास बसून प्राध्यापकांची भाषणे ऐकतात. इतका ऐकणारा समाज महाराष्ट्रात तरी किती ठिकाणी उरला असेल? त्या भाषणांतील काही तर पुस्तकात छापावीत अशी असतात. दुसऱ्या दिवशी फेसबुकवर ग्रंथदिंडीचे आणि सत्काराचे फोटो येतात, वक्त्याचा मजकूर मात्र कुठेच येत नाही. वक्त्याने आपले टिपण त्याच रात्री स्वतःच्या पानावर टाकले, तर जे मंडपात येऊ शकले नाहीत त्यांनाही ते मिळेल.

उघड्यावर लिहिल्याने काय होऊ शकते याचे एक उदाहरण मला फार भावले. जानेवारी 2009 मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी एक न सुटलेला प्रश्न इंटरनेटवर सर्वांसमोर ठेवला आणि ज्याला जे सुचेल ते, अर्धवट असले तरी, लिहावे असे आवाहन केले. जगातील अग्रगण्य गणितज्ञ टेरेन्स टाओ त्यात लिहीत होते आणि त्यांच्याच शेजारी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील एक हायस्कूल शिक्षकही लिहीत होते. काही आठवड्यांत त्या प्रश्नाची वाट सापडली आणि निबंध ‘पॉलिमॅथ’ या सामायिक नावाने प्रसिद्ध झाला. हायस्कूलच्या शिक्षकाचे म्हणणे विद्यापीठाचा माणूस ऐकतो आणि त्याला उत्तर देतो, अशी जागा आपल्याकडे मी तरी पाहिलेली नाही. आपल्या ग्रुपमध्ये प्राथमिकचे वेगळे, हायस्कूलचे वेगळे, पीयूचे (अकरावी-बारावीचे) वेगळे आणि डिग्री कॉलेजचे वेगळे असे कप्पे आहेत.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेतील होती, म्हणून ते कन्नड शिकले, धडे मुलांच्या भाषेत उतरवले आणि पुस्तकावर क्यूआर कोड छापून ते फोनवर उघडतील अशी सोय केली, हा भाग मात्र पुरस्काराच्या दहा लाख डॉलर रकमेच्या चर्चेत मागे पडला. आपल्या सीमाभागातील अडचण तीच आहे, केवळ भाषांची अदलाबदल झालेली आहे.

आणि मूळ कोल्हापूरचे असलेले डॉ. जयंत नारळीकर तर आपल्या अगदी जवळचे. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते सांगत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठवा, मी उत्तर देईन आणि त्याखाली माझी स्वाक्षरी असेल. ते तशी उत्तरे पाठवीतही असत. ते मे 2025 पासून आपल्यात नाहीत. एका मुलासाठी लिहिलेले उत्तर एकाच घरी जात होते तरी त्यांनी तो वेळ दिला. आज तेच उत्तर लिहिले तर खानापूरपासून बिदरपर्यंतच्या प्रत्येक मुलाला ते वाचता येते, आणि ते देण्याची पात्रता असलेली शेकडो माणसे या जिल्ह्यात पगारावर आहेत.

भीतीचा मुद्दा मी टाळणार नाही. या भागात भाषेवरून वातावरण कधी तापेल सांगता येत नाही. एखाद्या शिक्षकाच्या साध्या वाक्याचा स्क्रीनशॉट काढून त्याला नको ते वळण दिले जाते, तेव्हा त्याच्या पाठीशी ना संस्था उभी राहते ना संघटना. सरकारी नोकराने शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यावर सेवा नियमांचे बंधन आहे ते वेगळेच. त्यामुळे ‘गप्प राहिलेले बरे’ असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी भित्रे म्हणणार नाही. पण आम्ल आणि आम्लारी, वर्गसमीकरण, पानशेतीला लागणारी कीड, ज्ञानेश्वरीतील एखादी ओवी यांच्यावर लिहिल्याने कोणाचीही बदली झाल्याचे मी ऐकलेले नाही. कन्नड शाळेतील सहकाऱ्यांनी ते वाचून आपल्या मुलांसाठी कन्नडमध्ये न्यावे आणि आपण त्यांचे मराठीत आणावे, असे झाले तर ते मला आनंदाचेच वाटेल. चूक झाली तर चारचौघांत दिसेल या संकोचानेही कित्येक जण लिहीत नाहीत. फळ्यावर चूक झाली की पहिल्या बाकावरचे मूल सांगते आणि आपण डस्टरने पुसून पुन्हा लिहितो, तसेच येथेही करता येते.

मी स्वतः काय करते आहे हेही सांगते. चिकोडीच्या त्या सरांच्या परवानगीने त्यांची नऊ पाने मी युनिकोडमध्ये टंकून काढली आहेत. माझी नात शुद्धलेखन तपासते आहे. माझ्या स्वतःच्या वह्यांपैकी प्रकाश आणि विद्युत या दोन प्रकरणांच्या टिपणांचे काम निम्म्यावर आले आहे. शाळा पुन्हा भरण्याच्या आत हे सारे इयत्ता, विषय आणि धड्याचे नाव देऊन, लिहिणाऱ्याच्या नावासह, सर्वांना विनामूल्य दिसेल अशा पानावर ठेवण्याचा माझा विचार आहे. गणित, समाजविज्ञान आणि आठवी-नववीच्या विज्ञानाच्या वह्या ज्यांच्या कपाटात पडून आहेत, किंवा ज्यांची टिपणे जुन्या फॉन्टमध्ये अडकली आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयाकडे निरोप ठेवल्यास मी संपर्क साधेन. टंकण्याचे काम जमत नसेल त्यांनी नुसती वही दिली तरी चालेल, मी ती टंकून मूळ वही सुखरूप परत करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
खानापूर तालुका, जि. बेळगाव